हाइन्रिख हर्ट्झ : लहर आणि तार यांचें माप

रेडिओच्या तबकडीवर आंकड्यांच्या शेजारीं किलोहर्ट्झ किंवा मेगाहर्ट्झ असा शब्द छापलेला असतो. तो आपल्या इतक्या परिचयाचा झालेला आहे कीं, त्यांत एका मनुष्याचें आडनांव दडलेलें आहे याची आठवण फारच थोड्यांस होते. सेकंदास एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ, हें माप १९६० सालीं वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें मान्य केलें. परंतु ज्याच्या नांवानें तें चालतें तो हाइन्रिख हर्ट्झ अवघीं छत्तीस वर्षें जगला. त्यानें बिनतारी संदेश म्हणून एकही शब्द कोठें पाठविला नाहीं. इतकेंच नव्हे, तर असें कांहीं साधेल काय, म्हणून एका गृहस्थानें विचारलें असतां त्यानें नकारार्थी उत्तर धाडलें. तथापि आज घराघरांत, जहाजांत, विमानांत आणि खिशांतील यंत्रांतही जी तार आकाशांतील लहरी टिपते, तिचें माप ठरविण्याची विद्या मूळ त्याच्याच प्रयोगशाळेंतून निघाली. हें कोडें कसें उलगडतें तें वाचकांपुढें मांडावें, या हेतूनें आम्ही त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

हर्ट्झचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजीं जर्मनींतील हॅम्बुर्ग शहरीं झाला. त्याचे वडील वकील असून पुढें ते न्यायाधीशपदास व त्या नगरराज्याच्या सेनेटरपदास चढले. पांच भावंडांत हाइन्रिख वडील. घरीं पुस्तकांचा सुकाळ होता. परंतु या मुलाचें मन पुस्तकांत जितकें रमे तितकेंच तें हत्यारांतही रमे. आठवडाभर शाळेचा अभ्यास करावा, रविवारीं धंदेशिक्षणाच्या वर्गांत जाऊन रेखनकला शिकावी, आणि उरलेल्या वेळांत सुतारकामाच्या बांकावर किंवा चरकावर बसावें, असा त्याचा क्रम असे. ग्रीक भाषेची त्यास गोडी होती. अरबी शिकूं लागला तेव्हां शिकविणाऱ्यासही त्याच्या बुद्धीचें नवल वाटलें. ज्या कारागिरानें त्यास चरकावरचें काम शिकविलें, त्यानें पुढें आपला शिष्य प्रोफेसर झाल्याचें ऐकून हळहळ व्यक्त केली कीं, एक उत्तम चरकारी फुकट गेला! ही हळहळ अनाठायीं होती. हर्ट्झनें पुढें जगास जें दाखविलें, तें त्या हातांच्या शिक्षणावांचून त्यास दाखवितां आलें नसतें.

शाळा संपल्यावर त्यानें स्थापत्यविद्येचा मार्ग धरला. फ्रँकफुर्ट येथें एक वर्ष प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला, ड्रेस्डेन येथें कांहीं काळ शिक्षण घेतलें, आणि बर्लिनमध्यें लष्करांतील सक्तीची एक वर्षाची नोकरी केली. १८७७ सालीं तो म्युनिक येथें आला, तेव्हां मात्र त्याच्या मनांत मोठी चलबिचल सुरू झाली. इंजिनियर झाल्यास पोटाची ददात नव्हती. शास्त्राच्या मार्गांत खात्री कसलीच नव्हती. परंतु ओढ शास्त्राचीच होती. त्यानें वडिलांस मोकळ्या मनानें पत्र लिहून आज्ञा मागितली. वडिलांनीं ती दिली. पुढच्याच वर्षीं तो बर्लिन विद्यापीठांत हेल्महोल्ट्झ या थोर आचार्यांच्या प्रयोगशाळेंत दाखल झाला. तेथें एका वर्षाच्या आंत विद्यापीठानें लाविलेल्या निबंधाचें सुवर्णपदक त्यानें मिळविलें, व १८८० सालीं, तेवीस वर्षांचा होतांहोतां, डॉक्टरची पदवी घेतली.

त्या काळीं विद्युत्शास्त्रांत एक मोठा वाद चालूं होता. इंग्लंडांतील मॅक्सवेल या पंडितानें गणिताच्या बळावर असें प्रतिपादन केलें होतें कीं, वीज व चुंबकत्व यांच्या लहरी अवकाशांतून प्रवास करितात, त्यांचा वेग प्रकाशाइतकाच म्हणजे सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर असतो, आणि खुद्द प्रकाश हाही अशाच लहरींचा एक प्रकार होय. मॅक्सवेल १८७९ सालीं वारला, तोंपर्यंत अशी विजेची लहर कोणीही मुद्दाम उत्पन्न करून तिची परीक्षा केलेली नव्हती. त्याच वर्षीं बर्लिनच्या अकादमीनें या वादाशीं निगडित असा एक प्रश्न बक्षिसासाठीं लाविला, व हेल्महोल्ट्झनें तो हर्ट्झकडे बोट दाखवून सुचविला. हर्ट्झनें हिशेब करून पाहिला. हातीं असलेल्या साधनांनीं होणारा परिणाम इतका सूक्ष्म ठरेल कीं, तो दिसणारच नाहीं, असें त्यास आढळलें. तेव्हां त्यानें प्रश्न बाजूस ठेविला. ठेविला, परंतु विसरला मात्र नाहीं.

कील येथें दोन वर्षें अध्यापन केल्यावर १८८५ सालीं तो कार्ल्सरूह येथील तंत्रविद्यालयांत प्रोफेसर झाला. तेथेंच १८८६ च्या जुलैंत एलिझाबेथ डोल हिच्याशीं त्याचा विवाह झाला. त्याच वर्षाच्या शरदृतूंत, विद्यार्थ्यांस दाखविण्याच्या उपकरणांत तारेचीं दोन चपटीं वेटोळीं होतीं, त्यांशीं प्रयोग करतांना त्याच्या लक्षांत आलें कीं, एका वेटोळ्यांत ठिणगी पाडली असतां दुसऱ्याच्या टोकांमध्येंही बारीक ठिणगी उडते. दुसरा कोणी असता तर गंमत म्हणून पाहून पुढें गेला असता. हर्ट्झला सात वर्षांपूर्वींचा प्रश्न आठवला. ज्या अतिजलद कंपनांची त्यास उणीव भासत होती, तीं या ठिणगींत दडलेलीं होतीं.

यापुढील भाग समजण्यास एक दृष्टांत देणें अवश्य आहे. सतारीच्या पडद्यांखालीं तरफेच्या तारा असतात. त्यांस वादक क्वचितच नखी लावतो. तरी वरची तार ज्या स्वरांत वाजते, त्याच स्वरांत मिळविलेली खालची तार आपोआप झणकारूं लागते, व बाकीच्या जवळ जवळ मुक्या राहतात. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या हेलकाव्याच्या तालावर हलके धक्के दिले तर तो चढत जातो. भलत्या वेळीं दिले तर एक धक्का दुसऱ्याचें काम मोडतो. तरफेची तारही अशीच. हवेचे धक्के तिच्या स्वतःच्या कंपनाशीं जुळले म्हणजेच ते सांठत जातात. यास सहकंप म्हणतात.

विजेच्या तारेलाही असा स्वतःचा एक ताल असतो. तो कोठून येतो? एका सरळ तारेंत मध्यें फट ठेवून तींत ठिणगी पाडली कीं, विजेचा लोट तारेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धांवतो, टोकास अडून परत फिरतो, पुन्हां पहिल्या टोकास येतो. या धांवण्याचा वेग जवळ जवळ प्रकाशाच्या वेगाइतका असतो. जाऊन येण्यास जेवढा वेळ लागतो तेवढा एका कंपनाचा काळ. आणि तेवढ्या काळांत बाहेर सुटलेली लहर तारेच्या लांबीच्या सुमारें दुप्पट अंतर तोडून गेलेली असते. म्हणून सरळ तारेची स्वाभाविक लहर त्या तारेच्या सुमारें दुप्पट लांब असते. तार आंखूड केली तर कंपनें जलद व लहर लहान. तार लांब केली तर कंपनें मंद व लहर मोठी. टोकांस धातूचे गोळे किंवा पत्रे जोडले तर ते विजेनें भरण्यास व रिते होण्यास अधिक वेळ लागतो, म्हणून तार लांबविल्यासारखाच परिणाम होतो. याच तारेवर बाहेरून लहर आली म्हणजे ती तारेंतील विद्युत्कणांस पुढें-मागें ढकलूं लागते. त्या ढकलण्याचा ताल तारेच्या तालाशीं जुळला तर प्रवाह वाढत जातो. न जुळला तर तो क्षीणच राहतो. अशा रीतीनें जी तार ज्या लहरी फेंकण्यास योग्य, तीच तार त्याच लहरी झेलण्यासही योग्य असते.

हें सर्व आज पाठ्यपुस्तकांत सांपडतें. हर्ट्झला तें अंधाऱ्या खोलींत मिणमिणत्या ठिणग्यांवरून शोधून काढावें लागलें. १८८७ सालीं त्यानें पाठविण्याच्या बाजूस तांब्याची तार घेऊन तिच्या दोन टोकांस ३० सेंटिमीटर व्यासाचे जस्ताचे पोकळ गोळे बसविले, आणि मध्यें ठिणगीसाठीं फट ठेविली. घेण्याच्या बाजूस तारेची एक चौकट केली व तिच्यांतही स्क्रूनें कमीजास्त करतां येईल अशी अतिबारीक फट ठेविली. मग त्यानें चौकटीची लांबी क्रमाक्रमानें बदलली. लांबी वाढवूं लागतांच घेणाऱ्या चौकटींतील ठिणगी वाढूं लागली. एका विशिष्ट लांबीस ती सर्वांत मोठी झाली. आणि त्यापुढें लांबी आणखी वाढवितांच ती पुनः खुजी होत गेली. चौकटीस अमुक एकच माप मानवत होतें. तरफेची तार मिळविल्याप्रमाणें त्यानें तांब्याची चौकट मिळविली होती! रेडिओवर केंद्र लावण्याच्या क्रियेचें बीज या एका प्रयोगांत आहे.

याच प्रयोगांत त्यास एक नवल आढळलें. पाठविणाऱ्या ठिणगीचा उजेड अडविला कीं घेणाऱ्या फटींतील ठिणगी आंखूड होई. दुसऱ्या एखाद्यानें ही अडचण म्हणून टाळली असती. हर्ट्झनें मुख्य काम थांबवून कित्येक महिने तिचा पाठपुरावा केला, आणि हा परिणाम अतिनील प्रकाशाचा आहे असें ठरविलें. पुढें प्रकाशविद्युत् परिणाम म्हणून जो महत्त्वाचा विषय झाला, त्याचा हा आरंभ होय.

१८८८ सालीं तो मुख्य प्रश्नाकडे वळला. कार्ल्सरूहच्या व्याख्यानगृहाच्या एका भिंतीवर त्यानें ४ मीटर उंच व २ मीटर रुंद असा जस्ताचा पत्रा बसविला. समोरून लहरी सोडल्या. जाणारी लहर व पत्र्यावर आपटून परतणारी लहर यांची गांठ पडली म्हणजे कांहीं ठिकाणीं दोघी एकमेकींस मारतात, कांहीं ठिकाणीं एकमेकींस जोर देतात. ३५ सेंटिमीटर त्रिज्येचें तारेचें कडें हातांत धरून हर्ट्झ त्या अंधाऱ्या दालनांत पुढें-मागें फिरला. कोठें ठिणगी दिसे, कोठें ती नाहींशी होई. लागोपाठच्या दोन शांत जागांमधील अंतर त्यानें मोजलें, तें सुमारें ४.८ मीटर भरलें. म्हणजे लहरीची लांबी सुमारें ९.६ मीटर. जी वस्तु तोंपर्यंत केवळ समीकरणांत होती, ती आतां मापानें मोजतां आली.

वर्षअखेर त्यानें याहून सुंदर प्रयोग केला. या खेपेस पाठविणारें साधन म्हणजे अवघी २६ सेंटिमीटर लांबीची, मध्यें फट असलेली पितळेची कांडी. कांडी लहान, म्हणून लहरही लहान. ती सुमारें ६६ सेंटिमीटर भरली. सेकंदास जवळ जवळ ४५ कोटी कंपनें! लहर लहान झाल्यामुळें ती वळविण्यास लागणारा आरसाही खोलींत मावण्याजोगा झाला. जस्ताचे दोन मीटर उंचीचे अन्वस्ताकार आरसे करून त्यानें विजेचे किरण सरळ रेषेंत पाठविले, धातूच्या पत्र्यावरून परावर्तित केले, आणि सुमारें ६०० किलोग्रॅम वजनाच्या डांबरी लोलकांतून वांकविले. समांतर तारांची जाळी मध्यें धरली असतां, तारा लहरीच्या कंपनाच्या दिशेस समांतर असल्या तर किरण अडे, आडव्या असल्या तर तो निर्वेध पार जाई. प्रकाशाचे सारे धर्म या अदृश्य किरणांत दिसून आले. १३ डिसेंबर १८८८ रोजीं हा वृत्तांत बर्लिनच्या अकादमीपुढें आला, व मॅक्सवेलचा पक्ष सिद्ध झाला.

आम्हांस हर्ट्झच्या यशाइतकीच त्याची सचोटी आदरणीय वाटते. कंपनकाळ काढतांना त्याच्या गणितांत एक चूक राहिली होती. ती फ्रान्सच्या प्वांकारे या गणितज्ञानें दाखविली. हर्ट्झनें आपले लेख १८९२ सालीं ग्रंथरूपानें छापले तेव्हां ती चूक मोकळेपणीं मान्य केली. तसेंच तारेंतून जाणाऱ्या व हवेंतून जाणाऱ्या लहरींचे वेग निराळे असल्याचें त्याच्या मापनांत आलें होतें. जिनीव्हाच्या साराझां व द ला रीव्ह या शास्त्रज्ञांनीं अधिक मोठ्या दालनांत मापन करून ते समान असल्याचें दाखविलें. त्यांनीं आणखी एक चमत्कार पाहिला होता : पाठविणारें साधन एकच ठेवून घेणारीं कडीं बदललीं, तर प्रत्येक कडें निराळ्याच लांबीची लहर दाखवी! याचा उलगडा असा झाला कीं, ठिणगीचें साधन लांकडी फळीवर मारलेल्या टोल्यासारखें असतें. त्याचा आवाज क्षणांत विरतो व त्यांत निश्चित असा एक सूर नसतो. कडें मात्र घंटेसारखें पुष्कळ वेळ वाजत राहतें, आणि त्या टोल्यांतून आपलाच सूर उचलतें. बॉन येथें हर्ट्झच्या हाताखालीं काम केलेला नॉर्वेचा तरुण ब्यर्कनेस यानें हें विरणें मोजून सिद्ध केलें. निश्चित केंद्र निवडावयाचें तर पाठविणारा व घेणारा दोघेही घंटेसारखे असले पाहिजेत, हा धडा पुढील पिढीस येथें मिळाला.

आतां त्या नकाराची हकीकत सांगूं. १८८९ च्या डिसेंबरांत म्युनिकच्या एका इंजिनियरानें त्यास पत्र लिहून विचारलें कीं, टेलिफोनांतील कंपनें आपल्या या रीतीनें तारेवांचून धाडतां येतील काय? हर्ट्झनें उत्तरादाखल साधा हिशेब मांडला. टेलिफोनांतील कंपनें सेकंदास सुमारें हजार. तेव्हां त्यांची लहर ३०० किलोमीटर लांब होणार, आणि तिला वळविणारे आरसेही त्याच मापाचे, म्हणजे एखाद्या खंडाएवढे, लागणार. याकरितां हें जमण्याजोगें नाहीं, असें त्यानें कळविलें. या उत्तराबद्दल कित्येक लोक त्यास दूरदृष्टि नव्हती असा दोष देतात. आम्हांस हा दोष न्याय्य वाटत नाहीं. जें विचारलें होतें त्याचें उत्तर बरोबरच होतें. आवाजाच्या मंद कंपनांना योग्य असें एरियल आजही कोणी बांधीत नाहीं. पुढें वाट निघाली ती निराळीच : लक्षावधि कंपनांची एक जलद लहर घ्यावयाची, आणि आवाजाच्या चढउताराप्रमाणें तिला कमीजास्त करावयाचें. आवाज हा स्वार, लहर हा घोडा. आणि एरियलचें माप घ्यावयाचें तें घोड्याचें. ही युक्ति काढणाऱ्यांनीं हर्ट्झचा हिशेब खोडला नाहीं. तो खरा धरूनच त्यांनीं वाट काढली.

१८८९ सालीं हर्ट्झ बॉन विद्यापीठांत गेला. पुढच्या वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास रम्फर्ड पदक दिलें. कीर्ति दारीं आली, परंतु शरीर साथ देईना. १८९२ पासून नाक, घसा व कान यांच्या दुखण्यानें त्यास पछाडलें. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. दुखणें असह्य असतांही तो यंत्रशास्त्राच्या तत्त्वांवरील आपला ग्रंथ लिहीत होता. आपला अंत जवळ आला आहे असें ओळखून त्यानें आईबापांस लिहिलें कीं, कांहीं थोड्यांच्या वांट्यास अल्प पण पुरेसें आयुष्य येतें, त्यांत आपली गणना झाली आहे, यास्तव शोक करूं नये, उलट कांहीं अभिमानच बाळगावा. १ जानेवारी १८९४ रोजीं तो वारला. मागें पत्नी व दोन लहान मुली राहिल्या. ग्रंथ त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास ग्रंथकार उरला नव्हता.

त्याच्या मरणानें त्याचें काम थांबलें नाहीं. १८९४ च्या जूनमध्यें ऑलिव्हर लॉज यांनीं लंडन येथें हर्ट्झच्या कार्यावर स्मृतिव्याख्यान दिलें. तें छापील रूपानें कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांच्या वाचनांत आलें. कलकत्त्याच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजांत फादर लाफाँ यांच्या हाताखालीं शिकलेल्या या आपल्या देशबांधवानें उपकरणें आणखी लहान करून कांहीं मिलिमीटर लांबीच्याच लहरी उत्पन्न केल्या, व १८९५ सालीं कलकत्त्यांत त्यांचे जाहीर प्रयोग करून दाखविले. इटलींतील तरुण मार्कोनी यानें उलट दिशा धरली. त्यानें तार उंच चढविली, दुसरें टोंक जमिनींत पुरलें, आणि लहर लांब केली. १२ डिसेंबर १९०१ रोजीं न्यू फाउंडलंड येथें पतंगास बांधलेल्या तारेनें अटलांटिकपलीकडील संकेत ऐकल्याचें त्यानें जाहीर केलें. लॉज यांनीं १८९७ सालीं तारेस वेटोळें जोडून तिचा ताल हवा तसा बदलण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. रेडिओची खुंटी फिरवितांना आपण हेंच करितों.

हर्ट्झचें माप आजही कसें चालतें तें दोन उदाहरणांवरून कळेल. १००० किलोहर्ट्झच्या मध्यम लहरीची लांबी ३०० मीटर. तिच्यासाठीं चतुर्थांशाएवढा म्हणजे सुमारें ७५ मीटर उंचीचा मनोरा उभारितात, व उरलेल्या अर्ध्या तारेचें काम खालची जमीन आरशाप्रमाणें करिते. १०० मेगाहर्ट्झच्या एफ. एम. केंद्राची लहर ३ मीटर. तिचा चतुर्थांश पाऊण मीटर. लहान रेडिओची ओढून लांब करावयाची कांडी सुमारें तेवढी कां असते, हें आतां निराळें सांगावयास नको.

या कथेस एक दुःखाची किनार आहे. हर्ट्झचें पितृकुल मूळ यहुदी असल्याकारणानें नाझी अमलांत त्याच्या नांवाचीही अवहेलना झाली. त्याची कन्या माथिल्डे प्राणिशास्त्रांत नांवाजलेली होती. १९३३ सालीं तिचा अध्यापनाचा अधिकार काढून घेण्यांत आला, व पुढें आई आणि मुली इंग्लंडास गेल्या. ज्या मनुष्याच्या शोधावर राज्यकर्त्यांचीं भाषणें घरोघर पोंचत होतीं, त्याच्याच कुटुंबास देश सोडावा लागला.

विद्यार्थिमित्रांनो, हर्ट्झजवळ अफाट साधनें नव्हतीं. जस्ताचे पत्रे, तांब्याची तार, थोडें डांबर, एक अंधारी खोली आणि लहानपणीं चरकावर बसलेला हात, एवढेंच त्याचें भांडवल. जें दिसलें तें त्यानें मोजलें, जें मोजलें तेवढेंच सांगितलें, आणि चुकलें तेथें तें कबूल केलें. म्हणूनच त्यानें दिलेल्या नकारावरही दुसऱ्यांस घर बांधतां आलें. यापुढें रेडिओच्या तबकडीवरील तो शब्द दृष्टीस पडेल तेव्हां, ती आंकड्यांशेजारची खूण एका मनुष्याची सही आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, इतकीच आमची विनंती आहे.